पावसाळी रानभाज्या: निवडताना काय शिकलात?

मृग लागला की आमच्या घरात एक जुना प्रश्न दरवर्षी नव्याने निघतो: यंदा टाकळा निवडायला कोण बसणार? भाजी सगळ्यांना हवी असते, पण तिच्यासमोर तासभर बसण्याची वेळ आली की प्रत्येकाला नेमकी महत्त्वाची कामे आठवतात. म्हणून या अनुभव धाग्यात मी कृती मागणार नाही, कारण कृती हल्ली कुठेही मिळतात. रानभाजीची खरी मेख तिच्यातले काय ठेवायचे आणि काय टाकून द्यायचे यात असते, आणि ते कोणी शेजारी बसून दाखवल्याशिवाय हाताला कळत नाही, असे माझे मत आहे. तुम्हाला ते कोणी दाखवले, कुठे फसगत झाली, कुंडीत किंवा परसात काय रुजले आणि रविवारच्या भटकंतीत काय हाती लागले, ते लिहावे.

सुरुवात मी करते. माझे माहेर सोलापूरचे. तिकडे टाकळ्याला तरवटा म्हणतात, आणि आमच्या घरी तो खाण्याची वस्तू मानला जात नसे, बांधावरचे तण मानला जाई. लग्न होऊन पनवेलला आल्यावर पहिल्याच पावसाळ्यात सासूबाईंनी एका संध्याकाळी मागच्या मोकळ्या जागेतून टाकळा खुडून आणायला सांगितले. मी गेले आणि रिकाम्या हाताने परत आले, कारण सगळ्या रोपांची पाने जोडीजोडीने मिटून खाली मान टाकून होती, आणि उन्हाने भाजी सुकली असावी असे मला वाटले. सासूबाई एवढेच म्हणाल्या, “अगं, तिन्हीसांजेला झोपतो तो.” दुसऱ्या दिवशी सकाळी त्या मला घेऊन गेल्या, तर तीच रोपे टवटवीत उघडलेली. वीतभर उंचीच्या आतली रोपे घ्यायची, पिवळे फूल दिसू लागले की त्या झाडाकडे फिरकायचे नाही, आणि कच्च्या पानाच्या उग्र वासाला घाबरायचे नाही, हे तीन धडे त्या सकाळी मिळाले. शिजल्यावर तो वास उरत नाही. खोबरे सढळ हाताने घातले तर अजिबातच नाही.

आता तुमचे अनुभव.

*

कल्याणहून

आमच्याकडे पावसाळा शेवळांनी सुरू होतो. शहापूर आणि मुरबाडकडच्या ठाकर, कातकरी बायका पहिल्या सरींच्या आगेमागे जांभळट तपकिरी शेवळांच्या जुड्या घेऊन बाजारात बसतात आणि त्यांच्या शेजारी हिरव्या काकडांचा, म्हणजे एका आंबट रानफळाचा, छोटा वाटा असतो. ज्यांना ही भाजी ठाऊक नाही त्यांना तो वाटा अनावश्यक वाटतो. मलाही तसाच वाटला होता.

लग्नानंतर पहिल्यांदा स्वतंत्र संसार थाटला, तेव्हा माझ्या आजीच्या हातची चव आठवून मी दोन जुड्या आणल्या आणि काकडे न घेता आले. वरची पाती उलगडली, आतला कोंब काढला आणि सगळे सरसकट बारीक चिरून फोडणीला टाकले. पहिला घास घेतल्यावर काही क्षण काहीच झाले नाही. मग जिभेच्या कडेला बारीक टोचायला लागले आणि पाहता पाहता घशापर्यंत कुसळे घासल्यासारखे झाले. माझ्या यजमानांनी भीडेपोटी दुसरा घास घेतला, त्याबद्दल मी त्यांची अजूनही ऋणी आहे. त्या रात्री आम्ही दोघांनी दही-भात खाऊन झोप काढली.

आजीला फोन केला तेव्हा तिने पहिला प्रश्न विचारला, “पिवळं काढलंस का?” शेवळाच्या कोंबाच्या खालच्या अंगाला पिवळा, दाणेदार भाग असतो. तो काढून टाकायचा असतो, आणि चिरण्याआधी हाताला तेल लावायचे असते. सुरणाच्याच कुळातल्या या भाजीत कॅल्शियम ऑक्झलेटचे सुईसारखे स्फटिक असतात आणि खाज येते ती त्यांच्यामुळे, हे मी नंतर वाचले. आजीला स्फटिक ठाऊक नव्हते, पण काकडे ठेचून, बिया काढून, त्यांच्या आंबट रसात शेवळे शिजवायची हे तिला पक्के ठाऊक होते. काकडे मिळाली नाहीत तर चिंच चालते, पण चवीत फरक पडतो. त्या वर्षानंतर मी शेवळे घेते तेव्हा विकणाऱ्या मावशींनाच एक कोंब सोलून दाखवायला सांगते. दरवेळी त्या तेवढ्याच उत्साहाने दाखवतात, आणि मला येत असूनही मी दरवेळी पाहते.

*

नागपूरहून

टाकळ्याला आमच्याकडे तरोटा म्हणतात, एवढी भर घालतो. वडिलांची नोकरी गडचिरोलीला असताना वास्ते, म्हणजे बांबूचे कोवळे कोंब, घरी नियमित येत. आई ते पातळ चिरून रात्रभर पाण्यात ठेवायची, सकाळी उकळायची आणि दोन्ही वेळचे पाणी फेकून द्यायची. एकदा मी शहाणपणाने म्हणालो की पाण्यात जीवनसत्त्वे जातात, ते डाळीत घालावे. आईने काहीही स्पष्टीकरण न देता भांडे मोरीत उपडे केले. कच्च्या कोंबांत सायनाइड तयार करणारे घटक असतात हे मला कृषी महाविद्यालयात गेल्यावर कळले.

*

पुण्याहून, गच्चीवरची बाग

माझा अनुभव करटोलीचा आहे आणि तो तीन वर्षे चालला, त्यामुळे थोडा लांबेल. वेल्ह्याकडून आलेल्या एका शेतकऱ्याकडून मी करटोलीचा कंद घेतला आणि गच्चीवर मोठ्या पिंपात लावला. पावसाळ्यात वेल झरझर चढला, टाकीच्या पाइपवर गेला, आणि दिवाळीच्या सुमारास पिवळा पडून वाळला. मी दुःखी अंतःकरणाने पिंपातली माती कंपोस्टच्या ढिगावर ओतली. पुढच्या जूनमध्ये त्या ढिगातूनच दोन कोंब वर आले, तेव्हा लक्षात आले की वेल मेला नव्हता, कंद जमिनीखाली झोपला होता. करटोलीचे हे वार्षिक चक्रच आहे. उन्हाळाभर त्या पिंपाला जवळपास कोरडे ठेवायचे आणि धीर धरायचा.

दुसऱ्या वर्षी भरपूर पिवळी फुले आली आणि एकही फळ धरले नाही. खतात काही कमी असेल म्हणून मी शेणखत, राख, ताक असे सगळे उपाय केले. शेवटी त्याच शेतकऱ्याला फुलाचे छायाचित्र दाखवले, तर तो म्हणाला, “साहेब, हा नर आहे. याला जन्मभर ताक पाजलं तरी काय उपयोग?” करटोलीत नर आणि मादी वेल वेगळे असतात. मादी फुलाच्या मागे देठाशी शेंगदाण्याएवढे, काटेरी लवेचे चिमुकले फळ आधीपासूनच दिसते. नर फुलाच्या मागे नुसता देठ असतो. एवढी साधी खूण होती आणि मी दोन महिने फुलांकडे फक्त समोरून पाहत होतो.

तिसऱ्या वर्षी मादी कंद मिळाला. फुले संध्याकाळी उमलतात, आणि चौथ्या मजल्यावर परागीभवन करणारे कीटक पुरेसे येत नसावेत, म्हणून मी आणि माझी सातवीतली मुलगी जेवणाआधी गच्चीवर जाऊन नर फूल तोडायचो, त्याच्या पाकळ्या मागे वळवायचो आणि मधले पिवळे पुंकेसर मादी फुलावर हलकेच फिरवायचो. ज्या फुलांना हात लागला त्यांच्या मागची फळे फुगली, ज्यांचा कंटाळा केला ती पिवळी पडून गळाली. त्या हंगामात एकूण ११ करटोली झाली. चौघांच्या कुटुंबाला ही एक वेळची भाजी होते, आणि तीही पोळी जास्त खाल्ली तर. पण मुलगी कारल्याच्या वाटेला जात नसली तरी ही भाजी तिने बिया न काढता खाल्ली. कोवळ्या करटोलीच्या बिया काढायच्या नसतात, हे मी बायकोला तीन वर्षांच्या अधिकाराने सांगितले.

*

(मध्येच एक सूचना. खाज, उलटी असे काही झाले असल्यास संकोच न करता लिहावे. फसलेल्या भाज्यांपासून इतरांना अधिक कळते.)

*

बोरिवलीहून

आम्ही दर रविवारी सकाळी मुलांना घेऊन संजय गांधी राष्ट्रीय उद्यानात फिरायला जातो. गेल्या जुलैत माझ्या सासऱ्यांनी पायवाटेच्या कडेला फोडशीची पात ओळखली आणि सवयीने वाकून खुडायला लागले. तेवढ्यात तिथल्या वनरक्षकाने अत्यंत नम्रपणे सांगितले की राष्ट्रीय उद्यानातून पान, फूल, काहीच नेता येत नाही. सासऱ्यांनी जुडी तिथेच ठेवली, पण परतताना दिवसभर पुटपुटत होते की लहानपणी याच डोंगरावरून आई ओटी भरून आणायची. नियम योग्यच आहे, आणि त्यांचे पुटपुटणेही मला समजते. फोडशी ज्या पांढऱ्या मुसळीची पात मानली जाते, तिच्या शास्त्रीय नावात, क्लोरोफायटम बोरिविलियानममध्ये, आमची बोरिवलीच आहे, हे मी त्यांना सांगितले तेव्हा ते थोडे निवळले. संध्याकाळी बाजारातून दोन जुड्या आणल्या. मुळाकडचा पांढरा, चिवट भाग त्यांनी स्वतः काढला आणि प्रत्येक पात पाण्यात उलगडून धुतली, कारण पातीच्या बेचक्यात माती दडून बसते.

*

लातूरहून

आमच्या लहानपणी घोळ, पाथरी, कुंजीर यांना कोणी रानभाजी म्हणत नसे. आई खुरपणीला जायची आणि परतताना पदरात जे आणायची, ते रात्री भाकरीबरोबर असायचे. हल्ली खुरपणीऐवजी तणनाशक फवारतात. तण जळते आणि त्याबरोबर भाजीही. फवारलेल्या रानातले काही खुडू नये, म्हणून आई आता शेतातून रिकाम्या हाताने येते. घराच्या नळाजवळ तिने घोळ वाढू दिली आहे, तेवढीच. पाहुणे तण समजून उपटायला जातात आणि बोलणी खातात.

*

रत्नागिरीहून

परसदारी मोरीच्या पाण्यावर वाढणारे अळू हेच आमचे पावसाळ्यातले भाजीचे दुकान. दोन प्रकार वेगळे लावलेले आहेत: काळपट देठाचे वडीसाठी आणि हिरव्या देठाचे फदफद्यासाठी. आत्याने लहानपणी बजावले होते की देठ सोलताना हात ओले नसावेत आणि आमसूल किंवा चिंच घातल्याशिवाय पातेले उतरवू नये.

ऋषिपंचमीला बैलाच्या श्रमाचे काही खायचे नाही म्हणून नांगर न लागलेल्या जमिनीतले, म्हणजे परसातलेच, जिन्नस ऋषीच्या भाजीत घालतात. अळू, माठाचे देठ, भोपळा, सुरण, मक्याचे कणीस, जे हाताशी असेल ते. गेल्या वर्षी मुंबईहून आलेल्या भाच्याने मदत म्हणून स्वतः अळू कापून आणले आणि ते कुंपणापलीकडचे रानटी अळू निघाले. दिसायला तेच पान, तोच देठ. नशिबाने चिरणाऱ्या वहिनींच्या बोटांना लगेच खाज सुटली म्हणून ताटात यायच्या आधी कळले. आता आमच्या अळवाभोवती चिऱ्यांची एक ओळ रचली आहे. तिच्या आतले आपले, बाहेरचे नाही.

*

संगमनेरहून

आमचा अनुभव सहलीचा आहे. अकोले तालुक्यातल्या कोंभाळणे गावी राहीबाई पोपेरे यांनी गावरान वाणांची बियाणे बँक उभी केली आणि २०२० सालच्या पद्मश्रीच्या यादीत त्यांचे नाव आले. त्यानंतर आम्ही मुलांना घेऊन तिकडे गेलो. बी राखेत घोळवून मडक्यात ठेवायचे, ही जुनी रीत मुले तोपर्यंत फक्त ऐकून होती. घरी आल्यावर आम्ही वालाचे बी तसेच ठेवले आणि कुंपणाला लावले. ९ ऑगस्टच्या जागतिक आदिवासी दिनाच्या सुमारास कृषी विभागाचे रानभाजी महोत्सव भरतात, तिथेही आम्ही जातो. पाककृतींच्या ताटांपेक्षा न निवडलेल्या जुड्यांपुढे अधिक वेळ उभे राहावे, असे सुचवेन.

*

नाशिकहून

पत्नी गेल्यानंतरचा हा माझा पहिला पावसाळा. बाजार मी चाळीस वर्षे केला, पण रानभाजी तीच घ्यायची, मी पिशवी धरायचो. जुलैत पेठ रस्त्याकडून येणाऱ्या भाजीवाल्या मावशींकडे कुर्डूची जुडी दिसली आणि मी ती मागितली. त्यांनी पिशवीकडे पाहिले, मग माझ्याकडे पाहिले आणि विचारले, “बाई नाही आल्या?” मी सांगितले. त्या काही बोलल्या नाहीत. मी पैसे पुढे केले तर त्यांनी जुडी दिली नाही, गोणपाटावर सोडली आणि एकेक काडी उचलून कोवळा शेंडा आणि त्याखालची तीन-चार पाने तेवढी खुडून बाजूला ठेवू लागल्या. जाड देठ एका बाजूला, तुरा धरू लागलेल्या काड्या दुसऱ्या बाजूला. “हे टाका, हे शिजत नाही,” एवढेच त्या मध्ये म्हणाल्या. गिऱ्हाईक आले तर त्याला थांबवत होत्या. सगळी जुडी निवडून झाल्यावर जेमतेम दोन मुठी भाजी उरली, ती त्यांनी पिशवीत भरली आणि एकाला पुरेल असे सांगितले. पुढच्या आठवड्यात मी गेलो तेव्हा त्यांनी जुडी माझ्यासमोर सोडली आणि स्वतः हात मागे घेतले.