‘37 लाख मुलांनी शाळा सोडली’ : हा आकडा असा वाचायचा असतो का?

गणितवेडा
कालच्या धाग्यात एकांनी ठणकावून लिहिलंय, यूडायस प्लस या केंद्राच्या शाळा-माहिती संकलनाप्रमाणे देशाचा पट 2022-23 मध्ये 25.17 कोटी होता, 2023-24 मध्ये 24.80 कोटी झाला, म्हणजे 37 लाख मुलांनी शाळा सोडली. अहो, ही पटातली वजाबाकी आहे, गळती नव्हे! पहिलीत कमी मुलं आली तरी पट घटतो. झेडपीत आणि इंग्रजी शाळेत दोन्हीकडे असलेलं एकाच मुलाचं नाव एकीकडून उडालं तरी घटतो. गळतीचा दर अहवालात स्तरानुसार वेगळा असतो, तो बघा.

कच्ची माहिती हवी तर यूडायसच्या पोर्टलवर नोंदणी करून सीएसव्ही उतरवा. मात्र पटाच्या फाइलमध्ये एका शाळेच्या अनेक ओळी असतात. सामाजिक प्रवर्गाच्या वेगळ्या, अल्पसंख्याकांच्या वेगळ्या. सरसकट बेरीज केलीत की एकच मूल दोनदा मोजलं जातं. आयटम ग्रुप या रकान्यावर फिल्टर लावून फक्त प्रवर्गाचा गट घ्यायचा. शाळेचा 11 अंकी यूडायस क्रमांकही तिथे नसतो, त्याजागी स्यूडोकोड, म्हणजे शाळेची ओळख लपवणारा वेगळा क्रमांक असतो.

केंद्रशाळा
वजाबाकीचं मान्य. पण ‘गळतीचा दर बघा’ म्हणून हात झटकू नका. यूडायसची संदर्भ तारीख 30 सप्टेंबर. बीडची ऊसतोड कुटुंबं दिवाळीच्या आगेमागे निघतात. मूल सप्टेंबरात पटावर, डिसेंबरात फडावर, मार्च-एप्रिलात परत. पुढच्या सप्टेंबरात वरच्या वर्गात नाव आहेच. चार-पाच महिने शाळा बुडाली आणि तुमच्या फाइलमध्ये त्याचा मागमूस नाही.

पाटीपेन्सिल
म्हणूनच मी सरकारी आकडे मानत नाही. असर हे प्रथम संस्थेचं सर्वेक्षण बघा, ते घरी जाऊन मुलाला वाचायला लावतात.

गणितवेडा
असर फक्त ग्रामीण भागाचा. जिल्ह्यात 30 गावं, गावात 20 घरं. तालुक्याचा आकडा त्यातून निघत नाही, तरी लोक काढतात. आणि घर बंद दिसलं की पुढचं घर. कुटुंब तोडीला गेलं असेल तर ते असरलाही सापडणार नाही.

जनरल_रजिस्टर
तुम्ही दिल्लीच्या फाइलींवर भांडताय, इथे आधारपायी शिक्षक जातायत. संच मान्यतेला, म्हणजे शाळेला किती शिक्षक मंजूर ते ठरवताना, आधार व्हॅलिड (नोंद आधारशी जुळलेली) मुलंच धरतात. शिक्षण हक्क कायद्याच्या परिशिष्टात पहिली ते पाचवीला मिळून 60 मुलांपर्यंत दोन शिक्षक, 61 ला तिसरा. पाच वर्गांत मिळून 62 मुलं आहेत, तिघं इनव्हॅलिड निघाली, झाली 59. तिसरं पद गेलं, मुलं मात्र बाकावर बसलेलीच!

पाटीपेन्सिल
आधार नको तर काय हवं? ऑक्टोबर 2011 ची पटपडताळणी विसरलात? तीन दिवसांत राज्यभर बोगस पट उघडा पडला होता. ही चाळणी शिक्षकांनीच ओढवून घेतली.

जनरल_रजिस्टर
बोगस मूल आणि इनव्हॅलिड मूल एक नव्हे, इतकं तरी समजून बोला! सरल या राज्याच्या विद्यार्थी-नोंदणी प्रणालीतलं नाव, जन्मतारीख आणि लिंग आधारशी जुळावं लागतं. शाळेत आडनाव आधी, आधारवर शेवटी, की अडकलं. आधारवर जन्मतारीख एकदाच बदलता येते. शाळेच्या जनरल रजिस्टरमधली बदलायची तर वरची परवानगी लागते. पालक फडावर, मूल त्यांच्यासोबत. आधार केंद्रावर जाणार कोण? ज्याच्यासाठी शिक्षक हवा तेच मूल मोजणीतून बाहेर पडतं.

पाटीपेन्सिल
मग हजर मुलं मोजा, आधार असो-नसो. एवढ्यापुरतं तुमचं बरोबर. पण पडताळणी झालीच पाहिजे, यावरून मी हटणार नाही.

केंद्रशाळा
हजर मुलांची मोजणी रोज होते. शालेय पोषण आहाराची लाभार्थी संख्या पहिली ते आठवीसाठी रोज भरली जाते. गटशिक्षणाधिकाऱ्यांकडे माहिती अधिकारात अर्ज करा, 10 रुपये शुल्क, 30 दिवसांत उत्तर. सप्टेंबर आणि जानेवारी, शाळानिहाय, रोजची संख्या, एवढंच मागा. मुलांची नावं मागू नका. खासगी माहिती म्हणून अर्ज तिथेच फेटाळतील, आणि ती मागूही नयेत.

गणितवेडा
ती संख्याही फुगते. पहिली ते पाचवीला डोई 100 ग्रॅम, सहावी ते आठवीला 150 ग्रॅम धान्य. तांदळाचा हिशोब जुळवायला आकडा वाढवला जातो.

केंद्रशाळा
फुगते. पण दोन्ही महिन्यांत सारखीच फुगत असेल तरी फरक दिसेल. जानेवारीत जास्त फुगवली असेल तर खरी घट दिसते त्याहून मोठी. यूडायसच्या कुठल्या रकान्यातून हे निघतं, सांगा.

गणितवेडा
निघत नाही. अर्जात हंगामी वसतिगृहात (पालक तोडीला गेल्यावर मुलांना गावातच ठेवायची सोय) राहिलेल्या मुलांची संख्याही वेगळी मागा, नाहीतर गावात थांबलेली आणि गेलेली मुलं एकत्र होतील.