वर्षातून मोजके तास चालणारं वीजकेंद्र गावाने बांधावं का?

हिशेबी: अमेरिकेतल्या मॅसॅच्युसेट्स राज्यात, पीबॉडीत ५५ मेगावॉटचं गॅसवरचं पीकर केंद्र झालं. (पीक शेतातलं नव्हे, विजेच्या मागणीचं: मागणी शिगेला पोचते तेवढ्यापुरतं चालणारं.) नगरपालिकांच्या डझनभर वीज विभागांचा सामायिक प्रकल्प, खर्च साधारण ८.५ कोटी डॉलर. मार्च २०२१ मध्ये राज्याने २०५० पर्यंत निव्वळ शून्य उत्सर्जनाचा कायदा केला. मे महिन्यात विरोधामुळे हेच काम थांबवून फेरविचार झाला, आणि शेवटी यंत्र तेच आलं! ज्या सबस्टेशनच्या आवारात जुनी पीकर युनिट्स आधीच आहेत, तिथेच. शेजारच्या वस्तीने अजून किती धूर खायचा?

थंडीत_कुडकुडणारा: धूर दिसतो, बिल दिसत नाही. न्यू इंग्लंडमध्ये, म्हणजे मॅसॅच्युसेट्स ज्या भागात येतं तिथे, वर्षातल्या सगळ्यात जड (सर्वाधिक मागणीच्या) तासात तुमचा वाटा किती, त्यावरून क्षमतेचे, म्हणजे केंद्रं सज्ज ठेवण्याचे, पैसे लावतात. लग्नाची पातेली वर्षभर माळ्यावर पडून असतात म्हणून कुणी मोडीत काढत नाही. दरवेळी भाड्याने आणायची तर भाव मालक ठरवतो. स्वतःचं केंद्र असलं की तो भाव निदान आपल्या हातात राहतो.

बॅटरीवाली: पैसे एका तासावर ठरतात ना? मग तेवढाच तास कापा की! त्याच राज्यात स्टर्लिंग गावच्या नगरपालिकेच्या वीज विभागाने २०१६ मध्ये २ मेगावॉटची बॅटरी बसवली. साधारण दोन तास पुरते, आणि तुम्ही म्हणता तो जड तास नेमका तीच हलका करते. ना चिमणी, ना वास.

थंडीत_कुडकुडणारा: उन्हाळ्यातल्या संध्याकाळी मान्य. पण २४ डिसेंबर २०२२ आठवा. गोठवणारी थंडी, ऐनवेळी केंद्रं बंद पडलेली, ग्रिडची राखीव क्षमता अपुरी. थंडीची लाट दोन तासांत ओसरत नाही, बॅटरी पुन्हा भरणार कशावर?

बॅटरीवाली: त्या दिवशी गॅसने काय दिवे लावले? कडाक्यात पाइपलाइनचा गॅस आधी घरं तापवायला जातो. म्हणून तर या केंद्राला डिझेलची सोय ठेवलीय. मग सरळ डिझेलचं म्हणा ना, ‘स्वच्छ गॅस’ कशाला?

उरणकर: मध्येच तोंड घालतो. आमच्याकडे ६७२ मेगावॉटचं गॅस केंद्र आहे, पुरेसा गॅस मिळत नाही म्हणून वर्षानुवर्षं अर्धपोटी. संध्याकाळची पीक कोयनेचं पाणी सांभाळतं, झाकण उघडलं की काही मिनिटांत वीज. पीबॉडीच्या डोक्यावर सह्याद्री नाही, हे कबूल. पण इंधन दुसऱ्याच्या नळातून येणार असेल तर पातेलं स्वतःचं असून काय उपयोग?

थंडीत_कुडकुडणारा: म्हणूनच टाकीत डिझेल भरून ठेवलंय, साहेब.

हिशेबी: आणि ती टाकी कुणाच्या खिडकीसमोर आहे, हेच मी पहिल्यापासून विचारतोय.