पुस्तकाच्या दुकानात काव्यवाचन, पहिल्यांदाच जातोय

परभणीकर_पुण्यात:
नमस्कार मंडळी, नोकरीसाठी पुण्यात आलोय. रूमजवळच्या पुस्तकाच्या दुकानात शनिवारी संध्याकाळी काव्यवाचन आहे, आधी एका कवयित्रीचं वाचन आणि मग श्रोत्यांपैकी कुणाला वाचायचं असेल तर पाच मिनिटं. परभणीत आमचे कवी बी. रघुनाथ यांच्या नावाने कार्यक्रम होतात ते पाहिलेत पण ते मोठे, मागे जाऊन बसलं की झालं. इथे दुकानात खुर्च्याच मोजक्या. पुस्तक घ्यावंच लागतं का? प्रत्येक कवितेला टाळ्या वाजवायच्या का? आणि मी पण लिहितो, वहीत आहेत काही, पहिल्याच वेळी वाचलं तर चालेल का? गळा नाहीये, चाल वगैरे लावता येत नाही.

पेठेतली_वाचक:
नक्की जा!! सक्ती अजिबात नसते. पण एक सांगते, मराठी कवितासंग्रहाच्या प्रती फार कमी छापतात, बऱ्याचदा ५०० किंवा त्याहून कमी, आणि कितीतरी कवी छपाईचे पैसे स्वतःच घालतात, त्यामुळे वाचनानंतर टेबलावर ज्या पाच-दहा प्रती जातात त्या कवीला आणि दुकानदाराला दोघांनाही लागतात. महिनाअखेर असेल तर नका घेऊ, नुसतं विचारा की ती अमुक कविता कुठल्या संग्रहात आहे, पगार झाला की त्याच दुकानातून घ्या. ऑनलाइन दोन पैसे स्वस्त मिळेल, पण ऑनलाइनवाले संध्याकाळी खुर्च्या मांडून कविता ऐकवत नाहीत.

जुना_श्रोता:
चालीची काळजी सोडा. पुण्यात १९२३ च्या सुमारास रविकिरण मंडळ हा कवींचा गट जमला तेव्हा त्यातले यशवंत, गिरीश गाऊन कविता म्हणायचे, काव्यगायनाची आवड लोकांना त्यांनीच लावली. पण नंतर विंदा करंदीकर, वसंत बापट आणि पाडगावकर तिघं मिळून गावोगाव फिरले ते काव्यवाचन करत, आणि लोक भरभरून यायचे. शब्द नीट पोचला पाहिजे एवढंच. ओळ जिथे संपते तिथे जरा थांबा, घाई करू नका. बहुतेक नवीन मुलं घाबरून इतकं भराभर वाचतात की चांगली ओळसुद्धा निसटून जाते, मला फार हळहळ वाटते अशा वेळी.

गझलवेडा_नागपूर:
टाळ्यांचं सांगतो. गझल असेल तर दाद मोकळेपणाने द्या, तिची रचनाच तशी आहे, शेराची पहिली ओळ दोनदा म्हणतात, ऐकणारा वाट बघत राहतो आणि दुसऱ्या ओळीत काफिया-रदीफ (म्हणजे यमक आणि त्यामागे दर वेळी तसाच येणारा शब्द) आला की आपोआप तोंडातून वाहवा निघते. मुक्तछंदात असं ठरलेलं ठिकाण नसतं, मध्येच वाहवा केली तर वाचणाऱ्याची लय तुटते, तिथे कविता संपेपर्यंत थांबायचं. संपल्यावर कुणी लगेच टाळी वाजवली नाही तरी आवडली नाही असं समजू नका.

पेठेतली_वाचक:
हे मात्र अगदी बरोबर. आणि प्लीज मोबाईलवर शूटिंग करत बसू नका, एवढ्याशा जागेत कवीला समोर चेहरे दिसतात, फोन दिसायला लागले की वाचणाऱ्याचं लक्ष जातं.

सहज_सुचलं:
मी दुकानातल्या अशा वाचनांना नेहमी जाते म्हणून सांगते, एकच कविता न्या, फार तर दोन. मोठ्या अक्षरात कागदावर उतरवून न्या, वहीची पानं उलटत राहू नका. घरी मोठ्याने वाचून घड्याळ लावून बघा. कविता कधी सुचली, कशावरून सुचली हे आधी सांगत बसू नका, त्यातच पाच मिनिटं जातात आणि ऐकणाऱ्याला स्वतःचं काही शोधायला उरत नाही. जरा आधी जाऊन दुकानदाराकडे नाव द्या. आणि सगळ्यात महत्त्वाचं, आपलं वाचून झालं की उठून जायचं नाही!! शेवटी वाचणाऱ्या माणसालाही ऐकणारे लागतात, तो तासभर तुमची ऐकत बसलेला असतो.

परभणीकर_पुण्यात:
सगळ्यांचे मनापासून आभार, आता धीर आला. एकच नेतो मग, कापूस वेचणीवरची, त्यात आमच्याकडचे शब्द आहेत, पुण्यात कळतील का?

जुना_श्रोता:
कळतील. बदलू नका एकही.