मदत हवी आहे: ३६ पुस्तकांचं टार्गेट, ऑगस्ट संपला तरी ९ वरच

नमस्कार मंडळी. यंदा ३६ पुस्तकं वाचायचं ठरवलं होतं. झाली ९, शिवाय सहाशे पानी दोन कादंबऱ्या अर्ध्यावर पडल्या आहेत. नागपुरात लोकमान्य नगर ते सीताबर्डी मेट्रोने जाणं-येणं, एका बाजूची वीसेक मिनिटं हाताशी असतात. रात्री मुलांचा अभ्यास आणि मग मोबाइल. टार्गेट सोडून द्यावं, की बारीक-बारीक पुस्तकं घेऊन आकडा गाठावा?

पानोपानी:
आधी पुस्तकं मोजणं थांबवा, पानं मोजा. साध्या मराठी गद्याचं एक पान वाचायला दीड ते दोन मिनिटं लागतात. समीक्षा किंवा जुनी भाषा असेल तर तीन धरा.

उरलेली २७ पुस्तकं, सरासरी २०० पानं, म्हणजे ५४०० पानं. सप्टेंबर ते डिसेंबर १२२ दिवस. रोज ४४ पानं, जवळजवळ दीड तास. नोकरी-घर सांभाळून हे होत नाही, आणि होत नाही हे दिसलं की माणूस वाचणंच सोडतो.

आता उलट बाजूने बघा. मेट्रोतल्या चाळीस मिनिटांत कागदावर २० पानं होतात, पण चढ-उतार आणि गर्दी वजा जाता १६ धरा. गणपती, महालक्ष्म्या, दिवाळी वगळून कामाचे ७६ दिवस: १२१६ पानं. शनिवार-रविवार ३४ येतात, त्यातले २६ हाती लागतील, दर वेळी तासभर म्हणजे ३० पानं: ७८०. एकूण २००० च्या आसपास. त्यात दहा पुस्तकं बसतात. किंवा अर्धवट कादंबरी एक, अधिक आठ. तेव्हा टार्गेट १९ करा. डिसेंबरात विधिमंडळाच्या अधिवेशनाच्या दिवसांत गर्दी वाढली तरी एवढं निघेल.

रोजची हद्द ठरवायला दोन चिठ्ठ्या वापरा: एक वाचतोय तिथे, दुसरी १६ पानं पुढे. दुसरीपर्यंत पोहोचलात की त्या दिवसाचा हिशेब मिटला.

उन्हाळी_संत्रा:
बारीक पुस्तकांचा मार्ग धरू नका राजेहो. आकडा फुगतो, पण जी जाड पुस्तकं वाचायची म्हणून टार्गेट ठेवलं तीच कपाटात राहतात. फक्त जाड पुस्तक मेट्रोत नेऊ नका. उभ्याने एका हातात सहाशे पानं धरली की अंगठा दुखतो, आणि चिकटवलेल्या बांधणीचं असेल तर मधूनच उसवतं. ते घरी, सुटीच्या तासाला. गाडीत दोनशेच्या आतलं.

त्या दोन कादंबऱ्यांपैकी एक आजच बंद करा. दोन्हीतली पात्रं डोक्यात एकमेकांत मिसळतात म्हणूनच दोन्ही अडल्या असणार. ५० पानं वाचूनही ओढ लागली नसेल तर ती परत करायची, हा नियम पुढेही ठेवा.

धागाकर्ता:
दोघांचेही आभार. दिवाळी अंक यात मोजायचे का? आणि मेट्रोत फोनवर पीडीएफ चालेल?

पानोपानी:
अंक मोजा, पण पूर्ण पुस्तक म्हणून नको. वाचलेली पानंच लिहा, जाहिराती सोडून. अंक २५० पानी असला तरी वाचून होतात निम्मीच.

स्कॅन केलेली पीडीएफ फोनवर तापदायक. अक्षर मोठं केलं की ओळ पडद्याबाहेर जाते आणि प्रत्येक ओळीला बोट सरकवावं लागतं. ईबुक असेल तर मजकूर पडद्याच्या मापाने जुळतो, ते चालेल. फोनवर वाचताना डेटा बंद ठेवा. एक नोटिफिकेशन आलं की दोन स्टेशनं गेलीच. महाराष्ट्र राज्य साहित्य आणि संस्कृती मंडळाची पुस्तकं संकेतस्थळावर फुकट आहेत, पण ती घरच्या मोठ्या पडद्यावर बघा.

उन्हाळी_संत्रा:
एक राहिलंच. दसऱ्याला दीक्षाभूमीवर पुस्तकांचे स्टॉल लागतात, तिथे यादी घेऊनच जा. स्वस्तात मिळतं म्हणून पंधरा पुस्तकं उचलली की रांग वाढते आणि हातातलं सुटतं. या वर्षासाठी दोन घ्या, बाकीची पुढच्या जानेवारीसाठी वेगळ्या फळीवर. फळी कूलरच्या झोतात नको. उन्हाळ्यात तिथली दमट हवा लागून कव्हर वाकतं, पानं एकमेकांना चिकटतात.