लसूण सोलायचं यंत्र: नमुना तयार आहे, आधी पेटंट, मोल्ड की पैसे?

बार्शीकर: हाताने फिरवायचं लसूण सोलायचं यंत्र केलंय. दोन सिलिकॉन रबरी रोलर, त्यांच्यामधून पाकळी जाते, वीज नको. नग हाताने जुळवायला ४२० रुपये पडतात, ७०० ला विकायचंय. प्लास्टिकचे भाग काढायच्या मोल्डचं (साच्याचं) कोटेशन ६ लाखांचं आलंय. पुढच्या महिन्यात प्रदर्शनात स्टॉल घेतोय. आधी काय करू? गुंतवणूकदार गाठू का?

अर्ज_आधी: स्टॉलच्या आधी पेटंटचा प्रोव्हिजनल, म्हणजे तात्पुरता पहिला, अर्ज करा. यंत्र एकदा लोकांसमोर चाललं, यूट्यूबवर गेलं, की नावीन्य संपलं असं धरलं जातं. व्यक्तीच्या नावाने ऑनलाइन अर्जाला १,६०० रुपये सरकारी फी आहे. त्यानंतर १२ महिन्यांत पूर्ण तपशील दिला नाही तर अर्ज बाद होतो. ‘लसूण सोलायचं यंत्र’ एवढंच लिहून भागत नाही. रोलरमधलं अंतर, रबराचा कडकपणा, दोघांच्या वेगातला फरक, म्हणजे साल नेमकी कशामुळे निघते, हे आकड्यांत लिहा. प्रोव्हिजनलमध्ये जे नाही त्याला ती आधीची तारीख मिळत नाही. ड्रॉइंग मित्राने केलं असेल तर त्याचे हक्क आत्ताच लेखी घ्या. उद्या गुंतवणूकदाराचा वकील पहिला तोच कागद मागतो.

भोसरी_टूलरूम: ६ लाखांचा मोल्ड आत्ता करू नका. ५०० नग खपले तर नगामागे १,२०० रुपये नुसते मोल्डचे, १०,००० खपले तर ६०. आधी सिलिकॉनच्या साच्यात पीयू (पॉलियुरेथेन, ओतायचं प्लास्टिक) ओतून नग काढा, एका साच्यातून साधारण २०-२५ निघतात. मात्र ते चाचणीपुरतेच; अन्नाला लागणारा भाग फूड ग्रेडचाच हवा.

थ्रीडी प्रिंटचं ड्रॉइंग जसंच्या तसं मोल्डला देऊ नका. उभ्या भिंतींना निदान १ अंश ड्राफ्ट, म्हणजे किंचित उतार, हवा, नाहीतर नग मोल्डमध्ये अडकतो, ओढताना ओरखडे पडतात. भिंत २.५ मिमी असेल तर आतली रिब (मजबुतीची पट्टी) दीड मिमीच्या वर जाड नको. जाड रिब सावकाश थंड होते, आकसते आणि बाहेरून खळगा दिसतो. गिऱ्हाईक वरून बोट फिरवतं तेव्हा तोच आधी लागतो. मोल्ड तुमच्या मालकीचा, हे ऑर्डरवरच लिहून घ्या.

हिशेबवाला: खरी अडचण नगामागचा ४२० चा खर्च आहे. ७०० मधून १८ टक्के जीएसटी काढला की ५९३ उरतात. दुकानदाराचे ३० आणि वितरकाचे १० टक्के गेले की ३५६. खोका, वाहतूक, बदलून द्यायचे नग यांना ५० धरा. उरले ३०६, आणि जाहिरात अजून बाकी आहे. नग २०० च्या आत बसला पाहिजे, नाहीतर जितकं विकाल तितका खड्डा.

गुंतवणूकदार आत्ता नको. विक्री नसताना हिस्सा फार स्वस्तात जातो. नमुन्यासाठी ‘निधी-प्रयास’ या केंद्र सरकारच्या योजनेतून १० लाखांपर्यंत अनुदान मिळतं, पुण्यात पाषाणच्या व्हेंचर सेंटरला (नव्या उद्योगांना मदत करणारी संस्था) विचारा. मोल्डसाठी पीएमईजीपीचं (पंतप्रधान रोजगार निर्मिती कार्यक्रम) कर्ज, पण अर्ज चालू आहेत का ते जिल्हा उद्योग केंद्रात पाहा. त्यातली सबसिडी हातात येत नाही, बँकेत ३ वर्षं ठेव म्हणून अडकते, तेव्हा हप्त्याचं गणित तिच्याशिवाय करा.

बार्शीकर: मग आधी अर्ज, नंतर ४० पीयू नग. ते फुकट वाटू की विकू?

हिशेबवाला: विका, पूर्ण ७०० ला, आणि अनोळखी लोकांना. खानावळी आणि लोणचंवाले वेगळे मोजा. तीन आठवड्यांनी फोन करून एवढंच विचारा: शेवटचं कधी वापरलं?