उद्या पाणी नाही, एवढंच लिहायचं होतं की भाऊ

ए-३०२ काकू: ओ सेक्रेटरी भाऊ, नळ कोरडा, वरच्या टाकीत ठणठणाट, सकाळपासून अर्ध्या बादलीवर घर चालवलालेय मी. एक दिवस आधी सांगायचं तरी होतं.

सेक्रेटरी भाऊ: काकू काल संध्याकाळी ७ ला नोटीस टाकली की ग्रुपवर. जरा वर जाऊन बघा.

ए-३०२ काकू: ती नोटीस होती होय? मला वाटलं कुण्या मंडळाचं पत्रक हाय. वर थेंब, खाली झाड, हात जोडलेले, पहिल्याच ओळीला "जल हेच जीवन". मी आपला अंगठा दिला आणि कुकर लावायला गेले.

ए-४०४ अप्पा: मी बी अंगठाच दिला

बी-२०१ वैनी: मी तर उघडलीच नाही. पीडीएफ होती ना ती. मागच्या महिन्यात आमच्या जावेनं लग्नपत्रिका म्हणून आलेली फाईल दाबली, ती एपीके, म्हणजे फोनात ॲप बसवणारी फाईल निघाली, फोन दुसऱ्याच्याच ताब्यात गेला आणि तिच्या नंबरवरून तीच पत्रिका सगळ्या सोयऱ्यांना. सायबर फसवणुकीच्या १९३० नंबरला फोन लावून, बँकेत पळून, कसंतरी खातं वाचवलं. तेव्हापासून ह्यांनी बजावून ठेवलंय, आलेली फाईल उघडायची नाही म्हणजे नाही, मंग ती कुणाची बी असू दे.

सेक्रेटरी भाऊ: वैनी पीडीएफ आणि एपीके वेगळं असतं.

बी-२०१ वैनी: असू द्या. पाण्यासाठी फाईल कशाला लागते पण?

गुरुजी बी-१०२: मी उघडून वाचली. दोनदा वाचली. इथं उतरवून देतो, सगळ्यांनी बघा. "सन्माननीय सभासद बंधू-भगिनींनो, आपल्या सोसायटीच्या जलव्यवस्थेच्या सक्षमीकरणाच्या दृष्टीने भूमिगत जलसाठ्याच्या स्वच्छतेचे नियोजन करण्यात आले असून सदर कालावधीत जलपुरवठ्यात तात्पुरता बदल अनुभवास येऊ शकतो." सेक्रेटरी साहेब, जिल्हा परिषदेच्या शाळेत ३४ वर्षं मराठी शिकवली मी. "पाणी येणार नाही" याला "तात्पुरता बदल अनुभवास येऊ शकतो" हा समानार्थी शब्द मला आज कळला.

बी-४०३ दादा: हाहाहा गुरुजी

ए-३०२ काकू: अनुभव आला म्हणा. तोंड धुताना आला.

ए-४०४ अप्पा: होऊ द्या धुवून झाला का

ए-४०४ अप्पा: होऊ द्या नाही होऊ द्या

ए-४०४ अप्पा: मी होऊ द्या म्हणलालो आन हे होऊ द्या लिहलालंय

बी-४०३ दादा: अप्पा तुम्ही हौद म्हणलालेत ना? बोलून टाईप करताय, त्याला हौद कळंना.

ए-४०४ अप्पा: हाव तेच

सेक्रेटरी भाऊ: धुवून झालाय अप्पा, टँकर सांगितलाय, दुपारी दोनपर्यंत येतो म्हणलाय. आणि आता खरं सांगून टाकतो, ती नोटीस मी लिहिलेली नाही, एआयला लिहायला लावली. मी त्याला एवढंच म्हणलो, उद्या हौद धुवायचाय, पाणी बंद राहील, चांगल्या भाषेत नोटीस लिहून दे. मागं मी साध्या भाषेत टाकली होती तर कुणीतरी म्हणलं सेक्रेटरी आडमुठ्यासारखं बोलतो. म्हणून म्हणलं बाबा चांगल्या भाषेत दे.

गुरुजी बी-१०२: चांगल्या भाषेत म्हणलात तिथंच घात झाला.

बी-४०३ दादा: तसंच झालंय गुरुजी. माझं रोजचंच काम ह्याच्यासोबत आहे म्हणून सांगतो. चॅटजीपीटी २०२२ च्या ३० नोव्हेंबरला आलं, तेव्हा मी पहिल्याच आठवड्यात मराठीत बोलून बघितलं होतं, तर लई तोडकंमोडकं बोलायचं. आता बरंच सुधारलंय. पण हे शिकतं कशावरून, तर नेटवर जे लिहिलेलं आहे त्याच्यावरून. आता नेटवर इंग्रजी ढिगानं, मराठी त्या मानानं थोडी, आणि जी आहे ती बातम्या, सरकारी कागद, विकिपीडिया असली. आपण लातुरात जसं बोलतो तसं कोण लिहून ठेवलंय? काकू "चालवलालेय" म्हणल्या ते त्यानं कुठं वाचावं? मंग चांगल्या भाषेत लिही म्हणलं की ते त्याला माहीत असलेल्या चांगल्या भाषेत जातं, म्हणजे परिपत्रकाच्या.

ए-३०२ काकू: २०१६ आठवतंय का कुणाला. दुष्काळात मिरजेहून लातूरला रेल्वेनं पाणी आलं एप्रिलात, पहिली गाडी ५ लाख लिटरची. पाण्याच्या टाक्यांपाशी भांडणं नको म्हणून जमावबंदीचं १४४ लावलेलं. तेव्हा आम्ही औसा रोडला भाड्यानं ऱ्हायचो, तिथल्या गल्लीचा ग्रुप होता, त्याच्यावर मेसेज यायचा "आला टँकर". एवढाच. दोन शब्द. आन सगळी गल्ली घागरी घेऊन खाली. कुणी विचारलं नाही की भाषा चांगली हाय का म्हणून.

सेक्रेटरी भाऊ: काकू चुकलं माझं, कबूल हाय.

बी-२०१ वैनी: थांबा थांबा, सगळे एआयच्या मागं हात धुवून लागू नका (हात धुवायला पाणी नाही ते सोडा). मला तर त्याच परिपत्रकाच्या भाषेनं वाचवलंय. आमच्या वडिलांच्या सातबाऱ्यावर नावात एक अक्षर चुकलेलं, कित्येक वर्षांपासून. कुठं बी जा, आधार वेगळं सातबारा वेगळा, कर्जाला अडचण, अनुदानाला अडचण. ऑफिसच्या बाहेर अर्ज लिहून देणारे बसतात, ते शंभर घ्यायचे, दर वेळेस वेगळं काहीतरी लिहून द्यायचे आणि आतला माणूस म्हणायचा असा अर्ज चालत नाही. वडील तर त्या साहेबापुढं बोलायलाच भ्यायचे, शब्दच फुटत नव्हते. मंग मी मोबाईलवर घरच्या भाषेत सगळं सांगितलं, आमच्या बापाचं नाव चुकलंय, कधीचं चुकलंय, कागद काय काय हायत. त्यानं असला अर्ज लिहून दिला की बास. महसूल अधिनियम १९६६, कलम १५५, लेखनप्रमाद दुरुस्त करणेबाबत. लेखनप्रमाद! मला तो शब्दच माहीत नव्हता. कलम खरंय का ते गावातल्या तलाठ्याला विचारून घेतलं, खरं निघालं. खाली एका जीआरचा नंबर बी दिला होता तारखेसकट, तो मात्र शोध शोध शोधला, तसला जीआरच नाही. मनानं ठोकून दिलेला. तेवढी ओळ खोडली, अर्ज दिला, दीड महिन्यात काम झालं. वडील म्हणले हा अर्ज लिहिणारा वकील कोण, त्याला जेवायला बोलवा.

गुरुजी बी-१०२: वा. म्हणजे जी मराठी ग्रुपवर नडली तीच ऑफिसात चालली.

बी-२०१ वैनी: तेच तर म्हणलाले. तिथल्या लोकांना तीच कळती.

ए-४०४ अप्पा: मला एक सांगा तो निळा गोळा काढायचा कसा

बी-४०३ दादा: कोणता अप्पा? व्हॉट्सअ‍ॅपमधला, मेटा एआयचा? तो २०२४ च्या जूनपासून आलाय भारतात. पूर्ण निघत नाही तो.

ए-४०४ अप्पा: परवा दुकानात पोराला उधारीची यादी पाठवायची होती गोलाई बाजारातल्या तिघांची आन बार्शी रोडच्या एकाची ती चुकून त्या गोळ्याला गेली त्यानं मला उलटं लिहून पाठवलं ग्राहकांशी सौहार्दपूर्ण संवाद साधा म्हणून आता मी तीस वर्षं उधारी वसूल करलालो मला शिकवलालंय

ए-३०२ काकू: अप्पा सौहार्दपूर्ण बरोबर लिहिलं की तुमच्या फोननं! आन हौद येत नाही त्याला.

बी-४०३ दादा: काकू मुद्द्याचं बोलल्या.

ए-३०२ काकू: मी एआयच्या विरोधात नाही हं पण. माझा डीपी बघा. लेकीनं करून दिलाय, २०२५ च्या सप्टेंबरात ते साडीवाल्या फोटोंचं निघालं होतं ना, वारा सुटलेला, केसात फूल, मागं भिंतीवर ऊन. त्याच्या आधी मार्चात सगळी दुनिया जपानी कार्टून झाली होती, ते मला नाही आवडलं, आमचे हे त्यात शाळेतल्या पोरासारखे दिसलाले. पण साडीचा लई आवडला. मला पंचवीस वर्षाची केलीय, कंबर तर अशी दिलीय की लग्नात बी नव्हती. ह्यांनी मोबाईल हातात घेतला आन म्हणले ही कोण पाव्हणी? म्हणलं तुम्हाला काय करायचंय, डीपी माझा हाय. सहा महिने झाले, काढणार नाही.

बी-२०१ वैनी: काकू छानच आहे तो

गुरुजी बी-१०२: काकू, डीपी छान आहे. तुमचं बरोबर आहे, गंमत म्हणून केलं आणि खऱ्या तुम्ही रोज जिन्यात दिसता, त्यामुळं कुणाची फसगत नाही. माझं जरा वेगळं झालं. लिहावं की नाही असा विचार करत होतो. आमच्या हिचा लग्नानंतरचा एकच फोटो आहे, १९७९ चा, औशाला स्टुडिओत जाऊन काढलेला, काळापांढरा, एक कोपरा कसरीनं खाल्लेला. यंदाच्या श्राद्धाला मोठा करून फ्रेम करावा म्हणून काढून ठेवला होता, तर नातवानं मोबाईलवर दोन मिनिटांत रंगीत करून दिला. हौसेनं केलं लेकरानं. मी चष्मा लावून बघितलं. कोपरा भरून निघाला, चेहरा कसा तुकतुकीत, साडी गुलाबी, जरीची. ती साडी गुलाबी नव्हती हो, हिरवं इरकल होतं, लाल टोपपदराचं, तिच्या आईनं दिलेलं. बरं, काळ्यापांढऱ्यात हिरवं काय आणि गुलाबी काय, त्या बिचाऱ्या मशीनला कसं कळावं, ते मी सोडून दिलं. आडव्या कुंकवाची गोल टिकली झाली, ते पण सोडलं. पण हनुवटीवर गोंदण होतं तिच्या. तीन ठिपके. लहानपणी मावशीनं जत्रेत नेऊन गोंदवलेले, लई रडली होती म्हणं त्या दिवशी, नंतर आयुष्यभर सांगायची. ते तिन्ही ठिपके गेले. फोटोवरचा डाग समजून पुसले त्यानं. नातू म्हणतो आजोबा आजी किती सुंदर दिसतीय. दिसतीय ना, नाही कोण म्हणतंय. पण ४१ वर्षं मी जिला बघितलं ती ही नाही. नातवाला काही बोललो नाही, छान झालाय म्हणलो.

ए-३०२ काकू: गुरुजी...

बी-२०१ वैनी: काकींचं गोंदण मला पण आठवतंय. गच्चीवर शेवया करताना खाली वाकायच्या तेव्हा दिसायचं.

बी-४०३ दादा: गुरुजी, ते जुना फोटो पुसून साफ करत नाही, ते सगळाच चेहरा नव्यानं काढतं, जुन्यावरून अंदाज बांधून. जिथं कळत नाही तिथं त्यानं जे हजारो चेहरे बघितलेत त्यातलं काहीतरी भरतं, आणि त्या चेहऱ्यांत गोंदण असलेल्या बाया किती असणार. म्हणून हे असं होतं. तुम्ही मूळ फोटो मला द्या, मी आधी नीट स्कॅन करून ठेवतो, मोबाईलनं काढलेला नाही, स्कॅन. मंग फक्त तो खाल्लेला कोपरा तेवढा भरायचा, चेहऱ्याला हात लावायचा नाही, आणि साडीचा रंग तुम्ही शेजारी बसून सांगायचा. रविवारी येतो. मूळ फोटो मात्र दुसऱ्या कुणाला देऊ नका, नातवाला सुद्धा नाही.

गुरुजी बी-१०२: ये. पण घाई नाही. त्या गुलाबी साडीवाल्याची प्रिंट नातवानं गोलाईतून काढून फ्रेमसकट आणलीय, आठशे रुपये दिलेत त्यानं त्याच्या खाऊच्या पैशातून. ती भिंतीला लावलीच आहे मी. काल रात्री काच काढून काळ्या बॉलपेननं हनुवटीवर तीन ठिपके दिले. मधला जरा मोठा झालाय.

ए-४०४ अप्पा: गुरुजी मी येलालो तुमच्याकडं बघायला

सेक्रेटरी भाऊ: गुरुजी मी पण येतो टँकर लागला की. आणि ती कालची नोटीस डिलीट करणार होतो, पण गुरुजींनी ती इथं उतरवलीच हाय. ऱ्हाऊ द्या मंग. नवीन टाकतो, स्वतः लिहिलेली.

सेक्रेटरी भाऊ: आज २ वाजता टँकर. परवा बुधवारी बी-विंगची वरची टाकी धुवायचीय. सकाळी ८ ते १ बी-विंगला पाणी नाही. मंगळवारी रात्रीच भरून ठेवा. ए-विंगला काही नाही.

ए-३०२ काकू: हे कळलं.

बी-२०१ वैनी: कळलं भाऊ

ए-४०४ अप्पा: होऊ द्या

बी-४०३ दादा: अप्पा, हे "होऊ द्या" म्हणजे हौद की होऊ द्या?

ए-४०४ अप्पा: ह्या टायमाला होऊ द्याच

ए-३०२ काकू: बरं टँकरचा भोंगा वाजलाय खाली, ए-विंगची मोटर कोण चालू करतंय?