वडिलांना येणारे फसवे कॉल बंद कसे करायचे? (सातारा, तातडीचे)

कास_पठार: वडील 74, झेडपीचे निवृत्त शिक्षक. परवापासून 'ट्रेझरीतून बोलतोय, हयातीचा दाखला राहिलाय, पेन्शन थांबेल' असे फोन येतायत. ब्लॉक केला की दुसऱ्या नंबरवरून. कायमचे बंद करायचा उपाय सांगा. कृपया सल्ले नकोत, उपाय हवाय.

वाईकर: पैसे गेले का?

तात्या_मिरज: कीपॅडवाला फोन द्या, विषय संपला. आमच्या आईला दिला, निवांत आहे.

सुगरण: हयातीचा दाखला नोव्हेंबरात बँकेत जाऊन सही केली की होतो. घरबसल्या हवा असेल तर 'जीवन प्रमाण' 2014 पासून आहे, मी सासूबाईंचा चेहरा दाखवून केला. फक्त उजेड नीट हवा, आमचा तीनदा फसला.

कास_पठार: दाखला कसा काढायचा हे विचारलेलं नाही. थोडे गेलेत, पण तो मुद्दा नाही.

वाईकर: अहो तोच मुद्दा आहे! किती? कधी?

कास_पठार: 38 हजार. काल संध्याकाळी.

वाईकर: आणि तुम्ही धागा काढताय? आधी 1930 लावा, सायबर फसवणुकीची सरकारी हेल्पलाईन. पैसे पुढच्या खात्यात असतील तर तिथेच गोठवता येतात, म्हणून घाई. ओटीपी सांगितला होता का?

कास_पठार: नाही म्हणतात. व्हॉट्सअ‍ॅपवर 'दाखला' नावाची फाईल आली होती. दाबली, काहीच उघडलं नाही, म्हणून विसरून गेले.

वाईकर: झालं. ती एपीके फाईल, म्हणजे दाबली की फोनमध्ये अ‍ॅप बसवणारी. सगळे मेसेज तिकडं जातायत, ओटीपी सांगायची गरजच नाही. डेटा, वायफाय बंद, सिम काढा, बँकेला दुसऱ्या फोनवरून कळवा.

तात्या_मिरज: म्हणून म्हणतो, कीपॅड.

वाईकर: तात्या, कीपॅडवरून कार्डाचा नंबर वाचून दाखवणारे आमच्याच गल्लीत आहेत.

पासबुक: तीन दिवसांत कळवलं की बँकेला भरून द्यावंच लागतं. आरबीआय, 2017.

वाईकर: अर्धं सांगू नका. तीन कामकाजाचे दिवस, तेही खातेदाराची चूक नसेल तर. निष्काळजीपणा ठरला तर कळवेपर्यंतचं नुकसान त्याच्याच माथी. म्हणून आत्ता कळवा.

तात्या_मिरज: साताऱ्यात आहात तर येताना कंदी पेढे आणा कुणीतरी.

कास_पठार: 1930 लागला. व्यवहाराचा नंबर मागतायत. मी पुण्यात, पासबुक वडिलांकडे. शेजारच्या काकूंच्या फोनवरून बोललो तर म्हणाले, "आवाज माझ्या पोराचा काढतोस, पण मी आता फसायचा नाही." फोन ठेवला.

सुगरण: काकूंना पासबुक घेऊन व्हिडिओ कॉलवर बसवा. उजेडात.